कापडाचा पालटता रंग

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिलाईच्या सेक्टर १० मधील एखाद्या क्वार्टरच्या परसात डोकावले, तर धुण्याच्या दगडावर रसायनशास्त्राचा एक प्रयोग चाललेला आढळतो. मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर आदल्या दिवशी वरणाचा पिवळा डाग पडलेला असतो. सदरा भिजवून त्यावर साबणाची वडी घासली, की तो डाग पाहता पाहता तांबडा होतो. नुकतीच धुणे करू लागलेली मुलगी घाबरते. सदरा कायमचा बिघडला असे तिला वाटते. आजीला मात्र ठाऊक असते, की भरपूर पाण्यात खळबळून लिंबाची फोड चोळली म्हणजे तांबडेपणा जाऊन डाग पुन्हा पिवळा होईल, आणि सदरा दोन-चार दिवस कडक उन्हात वाळला म्हणजे तो पिवळेपणाही नाहीसा होईल.

त्या एवढ्याशा डागात दोन अगदी निराळ्या घटना घडतात. पिवळ्याचा तांबडा होणे आणि तांबड्याचा परत पिवळा होणे, हे रंगाचे पालटणे होय. उन्हात डाग जाणे, हे रंगाचे विटणे होय. पालटलेला रंग माघारी येतो. विटलेला येत नाही. हजारो वर्षे रंगाऱ्याची सारी धडपड या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी चालली होती. रंग पक्का आहे की कच्चा, एवढाच प्रश्न गिऱ्हाईक विचारीत असे आणि आजही विचारते. अलीकडे मात्र पालटणारा रंग कापडावर मुद्दाम आणण्याचे प्रयत्न होत आहेत. उष्णतेने नाहीसा होणारा, उन्हात उमटणारा, अम्ल अथवा क्षार यांच्या स्पर्शाने निराळा दिसणारा, असे अनेक रंग प्रयोगशाळांतून आणि काही थोडे बाजारातही आले आहेत. यातील मुख्य अडचण हळदीच्या डागातच दिसून येते. जो रेणू सहज पालटतो, तो बहुधा सहज विटतोही.

ही अडचण समजून घेण्यास भिलाई हे ठिकाण फार सोयीचे आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारान्वये येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांच्या वस्तीसाठी आखलेल्या सेक्टरांपैकी दहावा सेक्टर हा त्या नगरीचाच एक भाग. तेथे पोलादाचे नाव सर्वांच्या तोंडी असते. परंतु त्याच कारखान्याच्या कोक भट्ट्यांतून डांबर निघते आणि डांबरातून रंग निघतात, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. शिवाय हा सारा मुलूख लाखेचा, कोशाच्या रेशमाचा आणि आलाच्या मुळीचा आहे. भिलाईतील मराठी घरांत जुनी पेटी उघडली, तर तळाशी चांप्याकडची कोसा साडी आणि तिच्या घड्यांत दोन-चार डांबरगोळ्या सापडतात. रंगविद्येच्या इतिहासाची दोन टोके अशा रीतीने एकाच पेटीत येऊन बसलेली असतात.

हळदीचा रेणू

प्रथम हळदीचा विचार करू. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात. एखादा पदार्थ त्यांतील काही भाग शोषून घेतो आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. तो त्या पदार्थाचा रंग. हळदीतील कुर्कुमिन हे रंजकद्रव्य जांभळा व निळा प्रकाश शोषते, म्हणून हळद पिवळी दिसते. कुर्कुमिनचा रेणू लांबट असून त्याच्या मधल्या साखळीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक असे आहेत. अशा साखळीतील इलेक्ट्रॉन एका जागी जखडलेले नसतात. ते साऱ्या साखळीभर सैलपणे वावरतात, आणि दृश्य प्रकाशातील उर्जा त्यांना उचलण्यास पुरते.

या रेणूच्या दोन्ही टोकांशी हायड्रोजनचा एकेक अणू सुटावयास तयार बसलेला असतो. साबण किंवा धुण्याचा सोडा यांसारखा क्षारीय पदार्थ आला, की तो त्या हायड्रोजनचे अणुकेंद्र काढून घेतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन रेणूपाशीच राहतो. इलेक्ट्रॉनांचे वावरणे त्यामुळे अधिक मोकळे होते, त्यांना उचलण्यास कमी उर्जा लागते, आणि निळ्याऐवजी हिरवा प्रकाश शोषला जाऊ लागतो. हिरवा वजा झाला, की जे उरते ते डोळ्यांस तांबडे दिसते. लिंबाचे अम्ल हायड्रोजन परत देते व रेणू मूळ पदावर येतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची घरगुती कृती याच तत्त्वावर चालते. ती करणाऱ्या बायकांना रेणू ठाऊक नव्हता, कृती मात्र बिनचूक ठाऊक होती.

आता विटण्याकडे वळू. रंग ज्या साखळीमुळे येतो, तीच साखळी या रेणूचा दुबळा भाग आहे. सूर्यप्रकाशाच्या आणि हवेतील ऑक्सिजनच्या माऱ्याने ती तुटते. तुटलेल्या तुकड्यांत इलेक्ट्रॉनांना वावरण्यास जागा नसल्यामुळे ते बिनरंगी असतात. क्षारीय अवस्थेत तर कुर्कुमिन अंधारातही हळूहळू विघटन पावते. म्हणजे पालटण्यासाठी जो सैलपणा उपयोगी पडतो, तोच नाशालाही वाट करून देतो. लग्नाच्या हळदीने माखलेले धोतर पुढच्या वर्षी पिवळे राहिलेले कोणी पाहिले नसेल.

भट्टीतील डांबर आणि रानातील मूळ

दगडी कोळसा हवाबंद भट्टीत सुमारे एक हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापविला म्हणजे त्याचा कोक होतो. कोक झोतभट्टीत जातो. त्या वेळी कोळशातून वायू आणि वाफा निघतात. त्या थंड केल्या, की काळेकुट्ट डांबर खाली बसते. एका टन कोळशामागे ते अदमासे तीस ते चाळीस किलोग्रॅम मिळते. या डांबराचे ऊर्ध्वपातन करून भिलाईत नॅप्थॅलीन, अँथ्रॅसीन तेल, क्रिओसोट आणि पिच हे पदार्थ वेगळे काढले जातात. नॅप्थॅलीन म्हणजेच आपली डांबरगोळी. मराठीने तिला दिलेले नाव किती यथार्थ आहे, हे येथे कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे डांबर म्हणजे दिव्याचा वायू तयार करणाऱ्या युरोपातील कारखान्यांची एक कटकट होती. त्याचे करावयाचे काय, हे कोणास सुचत नसे. १८३४ साली जर्मन रसायनज्ञ रुंगे याला त्यात ॲनिलीन आढळले. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन ॲनिलीनपासून क्विनीन बनवू पाहत असता त्याच्या हाती जांभळा रंग लागला. हा पहिला यशस्वी कृत्रिम रंग. पुढे १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या दोघांनी अँथ्रॅसीनपासून अलिझरीन तयार केले. अलिझरीन हे मंजिष्ठेच्या मुळीतील तांबडे रंजकद्रव्य. युरोपात मंजिष्ठेची लागवड पुढील काही वर्षांतच नामशेष झाली.

अलिझरीनच्या रेणूचा सांगाडा तीन कड्या एकास एक जोडून झालेला असतो. त्याला अँथ्रॅक्विनोन म्हणतात. ही रचना कुर्कुमिनच्या लांब साखळीसारखी लवचीक नसून घट्ट आणि सपाट आहे. तिला उन्हात तोडणे अवघड जाते. गंमत अशी, की भिलाईच्या डांबरातील अँथ्रॅसीन ज्या तीन कड्यांचे असते, त्याच तीन कड्या छत्तीसगडच्या रानांतील दोन जुन्या तांबड्या रंगांतही आहेत.

त्यांतील पहिला आल. विदर्भात, माळव्यात आणि बुंदेलखंडात एके काळी आलाची शेते होती. जमाखर्चाच्या वह्यांना बांधावयाचा जाडाभरडा तांबडा खारवा आलानेच रंगविलेला असे. ती शेते गेली. परंतु बस्तरमधील पनका विणकरांनी आणि त्यास लागून असलेल्या ओडिशातील कोटपाडच्या मिरगान विणकरांनी ही विद्या आपल्या हयातीपर्यंत टिकविली आहे. सूत प्रथम एरंडेल आणि लाकडाची राख यांत कित्येक दिवस मुरवितात आणि मग आलाच्या मुळीच्या सालीत उकळतात. मुळीतील मोरिंडोन हे द्रव्य अँथ्रॅक्विनोन जातीचे आहे. त्याच मुळीत हिराकस घातला, तर तांबड्याऐवजी गडद तपकिरी, जवळजवळ काळा रंग चढतो.

दुसरा रंग लाखेचा. पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचे कवच करून राहतात. ही लाख खरवडून, कुटून, धुतली म्हणजे राळ मागे राहते आणि पाणी तांबडेलाल होऊन वाहून जाते. कृत्रिम रंग येण्यापूर्वी या पाण्यातील रंगाला युरोपच्या बाजारात मोठी मागणी होती. ते आल्यानंतर राळेची किंमत राहिली आणि रंग गटारात जाऊ लागला. या रंगातील लॅकेइक अम्लांच्या रेणूंची रचना १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उलगडली गेली. हे काम डॉ. के. वेंकटरामन आणि त्यांचे सहकारी यांचे. मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातील रासायनिक तंत्रशास्त्र विभागाचे वेंकटरामन हे प्रमुख होते व १९५७ साली ते पुण्याच्या प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंजकद्रव्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला व जगभर प्रमाण मानला गेला. लाखेची अम्लेही अँथ्रॅक्विनोन जातीचीच ठरली.

आल, लाख आणि अलिझरीन हे तिन्ही रंग द्रावणात असताना हळदीप्रमाणेच पालटतात. लाखेचे पाणी अम्लात नारिंगी दिसते व क्षारात जांभळट होते. मग या रंगांचे कापड साबणाने का पालटत नाही? याचे उत्तर तुरटीत आहे. तुरटीतील ॲल्युमिनियम हा धातू रंगाच्या रेणूला आणि तंतूला असा दोघांनाही धरून ठेवतो. म्हणून तुरटीला रंगबंधक म्हणतात. धातू रेणूला नेमके तेथेच पकडतो, जेथून हायड्रोजन सुटावयाचा असतो. दार अडविले गेले, की येणेजाणे थांबते. रंगबंधकाने रंग पक्का होतो याचा एक अर्थ असा, की रंगाचे पालटण्याचे स्वातंत्र्य काढून घेतले जाते. आणि धातू बदलला, तुरटीऐवजी हिराकस आला, की रंग कायमचाच निराळा होतो.

पालटल्यावाचून न चढणारा रंग

रंगारी पालटण्याला नेहमीच शत्रू मानीत असे, असे मात्र म्हणता येणार नाही. निळीची गोष्ट उलट आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ती तंतूत शिरत नाही. म्हणून रंगारी मोठ्या कुंडात नीळ, चुना व गूळ घालून ते कुजवीत ठेवतो. त्यातील जंतू निळीतील रेणूला हायड्रोजन देतात आणि निळा रंग मावळून पाणी पिवळट हिरवे होते. या अवस्थेतील निळीला ‘ल्यूको’ नीळ म्हणतात. ग्रीक भाषेत ल्यूको म्हणजे पांढरा. ती पाण्यात विरघळते व सुतात शिरते. सूत बाहेर काढून हवेत धरले, की ऑक्सिजन आपले काम करतो आणि हिरवट लडी पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत निळी होते. नीळ आता पुन्हा अविद्राव्य झालेली असते, म्हणून धुण्याने सहज जात नाही. कारखान्यात गुळाऐवजी सोडियम हायड्रोसल्फाइट वापरतात, तत्त्व तेच.

जर्मनीतील बाडिश अनिलीन व सोडा कंपनीने १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आणली, ती नॅप्थॅलीनपासून, म्हणजे डांबरगोळीच्या द्रव्यापासून. हिंदुस्थानातील निळीची शेती तिने बुडविली. परंतु ती शेती नैसर्गिक होती म्हणून भली होती, असे समजण्याचे कारण नाही. बंगालमधील रयतेने १८५९ साली निळीविरुद्ध बंड केले, आणि १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले, ते त्याच नैसर्गिक निळीच्या सक्तीपायी. वनस्पतिजन्य रंगांचे गोडवे गाताना हा इतिहास सोयीस्करपणे विसरला जातो.

डांबराच्या रंगांनी घेतलेली किंमत निराळ्या प्रकारची होती. १८९५ साली फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाचे अर्बुद आढळत असल्याचे दाखवून दिले. दोष बेंझिडीन आणि नॅप्थिलअमीन यांसारख्या मध्यवर्ती रसायनांचा होता, हे पुढे सिद्ध झाले. अशी द्रव्ये ज्यांच्या विघटनातून निर्माण होतात, त्या ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली आणि भारताने १९९७ साली बंदी घातली. रेनच्या इशाऱ्यानंतर तोपर्यंत एक शतक लोटले होते.

आजचे पालटणारे रंग

आजच्या पालटत्या कापडांचे तीन मुख्य प्रकार आहेत, आणि त्यांतील पहिल्याची मूळ कल्पना निळीच्या कुंडातील ल्यूको अवस्थेच्या जवळची आहे.

उष्णतेने पालटणाऱ्या रंगात तीन द्रव्ये अतिसूक्ष्म कुप्यांत एकत्र भरलेली असतात. पहिले एक बिनरंगी रंजक, उदाहरणार्थ क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन. हे दुर्बल अम्लाच्या सान्निध्यात निळे-जांभळे होते. दुसरे ते दुर्बल अम्ल, आणि तिसरा एक मेणचट अल्कोहोल. अल्कोहोल गोठलेला असतो तोवर रंजक व अम्ल एकमेकांस धरून राहतात आणि रंग दिसतो. तो वितळला, की अम्ल त्यात मिसळून जाते, रंजक एकटा पडतो आणि रंग मावळतो. कोणत्या अंशाला पालट व्हावा, हे अल्कोहोलच्या निवडीवर ठरते. डोडेकॅनॉल २४ अंशांच्या सुमारास वितळतो, टेट्राडेकॅनॉल ३८ अंशांच्या सुमारास. वैशाखात भिलाईचा पारा ४४ अंशांच्याही पुढे जातो. तेथे असा सदरा दिवसभर कोराच राहील, हा भाग वेगळा.

१९९१ साली अमेरिकेत जनेरा या कंपनीने ‘हायपरकलर’ नावाचे असे सदरे विकावयास काढले आणि त्यांची एकच लाट उसळली. हाताचा पंजा टेकवला, की कापडावर पंजाचा ठसा उमटे. परंतु गरम पाण्यात धुतले किंवा इस्त्री फिरवली, की रंगाची पालटण्याची शक्ती जाऊन कापड कायमचे मळकट होई. लाट लवकरच ओसरली. कुप्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडलेल्या नसतात, त्या खळीसारख्या चिकटद्रव्याने नुसत्या बसविलेल्या असतात. धुण्याच्या घासण्यात त्या फुटतात. शिवाय या मिश्रणात दुर्बल अम्ल म्हणून बिसफेनॉल-ए पुष्कळ वर्षे वापरले गेले. शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ते ढवळाढवळ करते असे आढळल्यामुळे युरोपीय संघाने २०२० पासून पावत्यांच्या उष्णतासंवेदी कागदात त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातली. त्याला पर्याय शोधले जात आहेत. केवळ मौजेच्या सदऱ्यासाठी एवढा व्याप करावा काय, ही शंका रास्तच आहे.

दुसरा प्रकार प्रकाशाने पालटणाऱ्या रंगांचा. स्पायरोपायरान या वर्गातील रेणूची एक कडी जंबुपार किरणांनी उघडते व बिनरंगी पदार्थ रंगीत होतो. सावलीत कडी मिटते. या रेणूंचे हे वर्तन फिशर व हिर्शबर्ग यांनी १९५२ साली वर्णिले. उन्हात काळसर होणाऱ्या चष्म्यांच्या प्लास्टिक भिंगांत याच जातीचे सुधारलेले रेणू असतात. कापडावर मात्र ते लवकर थकतात. उघडलेल्या कडीला ऑक्सिजन गाठतो आणि काही दिवसांच्या उन्हात रंग पालटेनासा होतो. हळदीची गोष्ट येथे पुन्हा घडते.

तिसरा प्रकार हळदीच्या थेट वंशातला, अम्ल व क्षार यांनी पालटणारा. यातून मात्र खऱ्या उपयोगाच्या वस्तू निर्माण होण्याचा संभव आहे. निरोगी त्वचा किंचित अम्लीय असते. चिघळलेली जुनाट जखम क्षारीयतेकडे झुकते. पट्टीच्या कापडाने आपला रंग पालटून हे सांगितले, तर पट्टी वारंवार सोडून जखम उघडी करण्याचे टळेल. कोक भट्टीच्या वायूत अमोनिया असतो. कारखान्यात तो गंधकाम्लात शोषून त्याचे खत करतात. अशा ठिकाणी गळती झाली असता कामगाराच्या अंगावरील पट्टा रंग पालटून इशारा देऊ शकेल. बेल्जियममधील घेंट विद्यापीठात गेल्या दोन दशकांत अशा कापडांवर बरेच संशोधन झाले आहे. त्यातील पेच असा. रंग तंतूशी सैल बांधला, तर घामाने आणि धुण्याने निघून जातो. घट्ट बांधला, तर तुरटीने बांधलेल्या आलासारखा तो पालटेनासा होतो. रेणूचे एक टोक तंतूला कायमचे जोडावयाचे आणि दुसरे, हायड्रोजन देणारेघेणारे टोक, मोकळे ठेवावयाचे, अशी तोड शोधली जात आहे. सुताशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडणारे रंग १९५६ पासून बाजारात आहेत. त्याच विद्येचा हा विस्तार होय.

तंतूची बाजू

रंगाची कथा तंतूवाचून पुरी होत नाही. एक किलोग्रॅम सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे दहा हजार लिटर पाणी लागते. त्यातील बहुतेक कापसाच्या शेतात. पॉलिएस्टरला शेत लागत नाही, पण ते खनिज तेलापासून होते, रंगविताना सुमारे १३० अंश उष्णता आणि दाब लागतो, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे न कुजणारे सूक्ष्म धागे पाण्यात जातात. म्हणून छत्तीसगडच्या आणि विदर्भाच्या जुन्या तंतूंकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

हावडा मार्गावर बिलासपूरच्या पुढे असलेले चांपा हे गाव कोशाच्या रेशमासाठी प्रसिद्ध आहे. मराठीत याला टसर म्हणतात. गडचिरोली आणि भंडारा जिल्ह्यांतही त्याची पैदास होते. टसरचा किडा ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर उघड्यावर वाढतो. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, उलट राखावे लागते. आणि कीटकनाशक तर फवारताच येत नाही, कारण त्याने किडाच मरेल. तंतू मुळातच मधाच्या वर्णाचा असल्यामुळे फिका निळा किंवा गुलाबी रंग त्यावर खुलत नाही. परंतु रेशीम हे प्रथिन आहे, आणि प्रथिनाला अम्लीय रंग चांगले धरतात. लाखेचे धुवण, जे एरवी फुकट जाते, ते तुरटी लावलेल्या कोशावर सुंदर किरमिजी उमटते. टाकाऊ पाणी आणि रानातला तंतू यांचा हा मेळ कोणत्याही नव्या शोधाइतकाच मोलाचा आहे.

तरीही कोशाला सरसकट निर्दोष म्हणता येत नाही. कोश उकळताना आतला जीव मरतो आणि सरपण जळते. त्याहून वाईट म्हणजे बायका पिढ्यान्‌पिढ्या ओला धागा आपल्या उघड्या मांडीवर वळून काढीत आल्या आहेत. त्वचा सोलपटते, पाठ मोडते, आणि मजुरी तुटपुंजी. केंद्रीय रेशीम मंडळाने मांडीवरील ही कताई बंद करण्यासाठी ‘बुनियाद’ नावाची साधी यंत्रे पुरविण्याचे काम हाती घेतले. तंतू टिकाऊ आहे की नाही, हे ठरविताना पाण्याचा आणि झाडांचा हिशेब मांडला जातो. मांडीचाही मांडावयास हवा.

आणखी एक तंतू अगदी घराजवळ आहे. दुर्ग जिल्ह्याच्या आणि विदर्भाच्या शेतांतून भात कापण्यापूर्वीच ओलीवर जवस फेकतात. छत्तीसगडात या रीतीला उतेरा म्हणतात. जवसाचे तेल काढतात, काडी मात्र वाया जाते. लिनन हे उंची कापड याच वनस्पतीच्या उंच वाणांच्या काडीपासून होते. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयातील संशोधकांनी तेलाच्या जवसाच्या काडीतूनही धागा काढण्याचे प्रयोग केले आहेत. असा धागा जाडसर निघतो. पण त्यासाठी वेगळे शेत किंवा वेगळे पाणी लागत नाही.

पेटीतील साडीकडे पुन्हा वळले, तर डांबरगोळी तेथे का ठेवतात हेही आता उमगेल. कसर प्रथिन खाते, म्हणून ती रेशमावर आणि लोकरीवर पडते. सुती धोतराला तिचे भय नाही. नॅप्थॅलीनच्या वाफेने कसर दूर राहते. मात्र काही तान्ह्या मुलांच्या रक्ताला ही वाफ अपायकारक असते, म्हणून बाळाची दुपटी अशा पेटीत ठेवू नयेत. कडुनिंबाचा वाळला पाला बरा.

शाळांतील मुलांना या लेखातील मुख्य गोष्ट स्वतः पडताळून पाहता येईल. पांढऱ्या सुती कापडाची वीतभर पट्टी घ्यावी. चमचाभर हळद कोमट पाण्यात कालवून तीत पट्टी अर्धा तास बुडवावी, पिळून सावलीत वाळवावी. नंतर पट्टीचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने दोन्ही बाजूंनी झाकून ती उन्हात दोरीवर लावावी. उघडा भाग फिका पडला, की कागद काढावा आणि संपूर्ण पट्टी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावी. झाकलेला अर्धा भाग तत्काळ तांबडा होईल. उन्हात राहिलेला अर्धा जवळजवळ जसाच्या तसा राहील. पालटण्याजोगे त्यात फारसे काही उरलेले नसते. मग लिंबू पिळावे आणि काय होते ते वहीत लिहून ठेवावे. टसरचा एखादा तुकडा शिंप्याकडे मिळाल्यास हाच प्रयोग त्यावरही करावा; मात्र सोडा अगदी थोडा घ्यावा, कारण तीव्र क्षाराने रेशीम झिजते.